पाटीवरचा नंबर आणि गयाबाईचं तोंड

नवा जिल्हा झाला की त्याला सगळ्यांत आधी काय लागतं? कुणी म्हणेल कलेक्टर, कुणी म्हणेल कोर्ट. मी अनुभवाने सांगतो, फोटोवाला लागतो. लातूर जिल्हा झाला तेव्हा मी गंजगोलाईच्या बाजारामागच्या बोळात एका स्टुडिओत काम शिकत होतो. वर्षभर आमच्या दारात रांग. नवी कचेरी, नवे परवाने, नवे दाखले, आणि प्रत्येक अर्जाच्या उजव्या कोपऱ्यात एक रिकामा चौकोन. तो चौकोन भरणारे आम्ही. आमचे वस्ताद अंधाऱ्या खोलीतून बाहेर येत, हात पुसत आणि म्हणत, "जिल्हे वाढले की तोंडं वाढतात बघ."

वस्तादांनी धंद्याचा एकच नियम शिकवला. ओळखपत्राच्या फोटोत माणूस देखणा दिसला नाही तरी चालेल, ओळखू आला पाहिजे. गिऱ्हाइकाला मात्र नेमकं उलटं हवं असतं. ओळखू नाही आलो तरी चालेल, पण जरा बरा काढा. या ओढाताणीत माझी सदतीस वर्षं गेली. आता मुलगा मोबाइलवर चेहरे गोरे करतो आणि मी दुकानाच्या पायरीवर बसून त्याला नावं ठेवतो.

लातूरहून मी पुढे नायगावला आलो आणि स्वतःचा स्टुडिओ टाकला. काही वर्षांनी नायगाव तालुका झाला. नवी तहसील आली, पुन्हा तोंडं वाढली. दिवस बरे होते म्हणायचे, फक्त पाऊस नव्हता. त्याच सुमारास मतदारांच्या फोटो ओळखपत्रांचं काम जोरात निघालं. कार्ड असल्याशिवाय मत टाकता येणार नाही, अशी गावोगाव दवंडी. मोठ्या शहरातल्या कुणा ठेकेदाराने काम घेतलं होतं आणि आमच्यासारख्या फोटोवाल्यांना गावं वाटून दिली होती. माझ्या वाट्याला शेजारच्या तालुक्यातली काही गावं आली.

कामाची रीत सांगतो, म्हणजे पुढचा घोळ कळेल. गावात मारुतीच्या पारावर पांढरी चादर टांगायची, पुढे स्टूल. शेजारी गावचा कोतवाल मतदार यादी घेऊन बसणार. तो यादीतला नंबर खडूने शाळेच्या पाटीवर लिहिणार, माणूस ती पाटी छातीशी धरणार, मी खटका दाबणार. मग कोतवाल पाटी पुसून पुढचा नंबर लिहिणार. एका रोलमध्ये छत्तीस तोंडं. स्टुडिओत येऊन फोटो धुवायचे, पाटीवरचा नंबर बघून त्या नंबरच्या कार्डावर फोटो लावायचा, आणि लावण्याआधी कात्रीने पाटी छाटून टाकायची. पाटी गेली की उरलं ते फक्त तोंड. शेजारी नाव छापलेलं. सरकारच्या लेखी तो माणूस तयार झाला.

माणसं स्टुलावर अशी बसत, जणू आता सुई टोचणार. उमरीकडच्या एका गावात एक आजोबा बैल घेऊन आले आणि म्हणाले, "याच्यासंगं काढा. मला कोण वळखतं? वळख सगळी ह्याची हाय." मी म्हटलं, आजोबा, बैलाचं नाव यादीत नाही. त्यांना ते पटलं नाही. बैलाच्या मानेवर हात ठेवूनच बसले. कार्डावर कोपऱ्यात शिंगाचं टोक आलं आहे ते त्यामुळे.

आता मुख्य गाव. त्याचं खरं नाव सांगत नाही, तिथल्या सोयरिकी अजून जुळायच्या आहेत. आपण त्याला टाकळी म्हणू. मराठवाड्यात दर दहा कोसांवर एक टाकळी असते, त्यामुळे कुणाला राग यायचं कारण नाही.

टाकळीत त्या वर्षी प्यायच्या पाण्याचा ठणठणाट होता. एक दिवसाआड टँकर यायचा आणि विहिरीत रिता व्हायचा. मग गाव दोर-घागरी घेऊन त्या विहिरीवर तुटून पडायचं. अंघोळीचं नाव नव्हतं, कपडे धुणं तर लांबच. आणि अशात मी कॅमेरा घेऊन गेलो. पहिल्या दिवशी पुरुष. एकही माणूस स्टुलावर बसेना. "असल्या कळकट अंगीवर फोटू? जन्मभर ऱ्हायचा तो."

यातून वाट काढली मन्मथअप्पांनी. अप्पा म्हणजे गावचे किराणा दुकानदार. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि डोक्याला कडक पांढरा फेटा. गावात तेव्हा एवढी एकच वस्तू स्वच्छ होती. अप्पांनी तो फेटा उतरवला आणि आल्या माणसाच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने चढवू लागले. मोठं मन म्हणायचं. फक्त झालं असं, की त्या दिवशी मी ज्यांचे ज्यांचे फोटो काढले ते सगळे थोडे थोडे मन्मथअप्पाच दिसत होते.

दुसऱ्या दिवशी बायका. फेट्याच्या जागी आता शाल आली. शाळेतल्या गुरुजींना कधीतरी सत्कारात मिळालेली, गुलाबी, घडी न मोडलेली. प्रत्येक बाईने ती खांद्यावरून घ्यायची, फोटो काढायचा आणि पुढचीला द्यायची.

पिराजी कोतवालाने हजर बायकांच्या नंबरांवर सकाळीच खुणा करून घेतल्या आणि बायकांना यादीच्या क्रमाने ओळीत बसवलं. पिराजी गावातल्या निम्म्या बायकांचा नात्याने धाकटा दीर. त्यांची नावं मोठ्याने घ्यायची त्याची प्राज्ञा नव्हती. त्यामुळे तो नुसतं "पुढला नंबर" म्हणायचा आणि मान पाटीत घालायचा. बायकाही पिराजी समोर म्हणून डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून येत, स्टुलावर बसल्यावर माझ्याकडे वळून तेवढा वर करत, आणि खटका पडला की पुन्हा खाली. आता बघा, चेहरे मी बघत होतो पण एखादी सोडली तर मला कुणाचं नाव माहीत नव्हतं. नावं पिराजीला पाठ होती पण तो चेहरे बघत नव्हता. दोन्ही एकदम बघणारं माणूस त्या पारावर नव्हतं. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

यादीत पहिला नंबर होता पांदीकडच्या गयाबाईचा. पन्नाशीची, काटक, एकटी विधवा बाई, रोजगार हमीच्या कामावर जाणारी. ती उजाडताच पारावर येऊन बसली होती. चादर टांगायला मला मदत केली आणि मग हळूच विचारलं, "दादा, ह्या कार्डावर माझं तोंड ऱ्हाईल ना?"

"तुमचंच राहील."

"मंग माझं मत दुसऱ्या कुणाला टाकता येणार न्हाई?"

मी म्हटलं, तुमच्या तोंडाचं दुसरं कुणी आहे का गावात? ती हसली. मग तिने सांगितलं ते असं. तीन इलेक्शनं ती मत टाकायला गेली होती आणि तिन्ही वेळा तिला सांगितलं गेलं की गयाबाईचं मत झालं. कामावरून सुटून, हातपाय धुऊन जाईपर्यंत संध्याकाळ व्हायची आणि तोवर कुणीतरी गयाबाई होऊन गेलेली असायची. "पैल्यांदा वाटलं चुकलं असंल. दुसऱ्यांदा वाटलं नशीब. तिसऱ्यांदा मी घरी येऊन रडले. मेल्यावर मानसाचं नाव काढत्यात दादा, मला जित्तेपणीच काढलं."

मी छाती फुगवून सांगितलं, "मावशी, या कार्डानंतर ते होणार नाही. माझा शब्द." त्या वयात शब्द द्यायला काही लागत नसे.

ती स्टुलावर बसली. शाल घेतली. पिराजीने पाटीवर पहिला नंबर लिहून तिच्या हातात दिली. मी डोळा कॅमेऱ्याला लावला, आणि टँकरचा हॉर्न वाजला. बाकीच्यांच्या घरच्या पोरीबाळी विहिरीवर घागरी घेऊन आधीच उभ्या होत्या. गयाबाईच्या घरात ती एकटीच. तिच्या मागे बसलेल्या कौसाबाईच्याही घरी दुसरं कुणी नव्हतं, आणि तिचे गुडघे गेलेले. गयाबाई म्हणाली, "कौसा, तू बस. तुझीबी भरून आणते." शाल आणि पाटी स्टुलावर ठेवून ती पळालीच. तिची धावणारी पाठ मला आजही आठवते.

कौसाबाई उठली, शाल घेतली, पाटी घेतली आणि बसली. मी खटका दाबला. पिराजीने मान वर न करता पाटी पुसली आणि दुसरा नंबर लिहिला.

बस्स, एवढंच झालं. तिथून पुढे ओळीतली प्रत्येक बाई एक घर मागे सरकली. दुसरीला पहिलीचा नंबर, तिसरीला दुसरीचा, अगदी शेवटपर्यंत. गयाबाई घागरी पोचवून धापा टाकत आली तेव्हा पिराजीच्या यादीत खुणेचा एक नंबर शिल्लक होता आणि ओळीत एक बाई शिल्लक होती. जुळलं. तो खूश, मी खूश. तो शेवटचा नंबर होता मन्मथअप्पांच्या मंडळींचा, महानंदाबाईंचा.

स्टुडिओत फोटो लावताना तरी कळायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. कसं कळणार? मी नावं वाचतच नव्हतो, नुसते नंबर जुळवत होतो, आणि सगळ्यांच्या अंगावर तीच गुलाबी शाल.

कार्डं वाटायचं काम पिराजीचं. इथेही त्याची लाज आडवी आली. नावं वाचून वाटायच्या ऐवजी त्याने सगळी कार्डं पारावर पसरली आणि बायकांना सांगितलं, "आपापलं तोंड बघून उचला." बायकांनी तोंडं उचलली. शेजारी काय छापलंय ते वाचता येणारी त्यांच्यात कुणी नव्हती. अप्पांना वाचता येत होतं, पण ते गावाची कार्डं आली का हे बघण्यात इतके गुंतले, की घरचं कार्ड महानंदाबाईंनी डाळीच्या डब्यात ठेवलं ते त्यांनी उघडूनही पाहिलं नाही. पुरुषांची कार्डं चोख होती. टाकळीतल्या सगळ्या बायका मात्र आपलं तोंड आणि शेजारणीचं नाव घेऊन मतदानाची वाट बघू लागल्या.

मतदानाच्या दिवशी मी त्याच गावात होतो, कारण तेव्हा काही बूथांवर व्हिडिओ शूटिंग करायला आम्हालाच बोलावत. शाळेची खोली. केंद्राध्यक्ष म्हणून मुदखेडचे एक हेडमास्तर आलेले, फार सज्जन गृहस्थ. नियमांचं पुस्तक त्यांनी पोथीसारखं समोर ठेवलं होतं. बाकावर उमेदवारांचे एजंट. त्यांत मन्मथअप्पा. कोणत्या पक्षाचे ते सोडा, अप्पांनाही ते दर इलेक्शनला नव्याने विचारावं लागे.

एजंटाचं काम काय? मतदाराचं नाव पुकारलं की ऐकायचं, आणि माणूस दुसराच असेल तर हरकत घ्यायची. पण बायकांची ओळ आली की अप्पा मर्यादेने मान खाली घालत आणि नाव ऐकून आपल्या यादीवर नुसती टीप करत. तोंड बघायचा प्रश्नच नव्हता. नाव वाचणारा कारकून घाईचा होता, बाई पदराआडून मान हलवायची, तो कार्डावरचा फोटो बघायचा, फोटो तिचाच असायचा. शाई, कागद, शिक्का. कौसाबाईने नंतर मला सांगितलं, "साहेबानं गयाबाई म्हणलं. मला वाटलं माज्या मागं गया आली का काय. मी वळून बघस्तोवर बोटाला शाई लागली बी." महानंदाबाई दुपारी येऊन दुसऱ्याच कुणाच्या नावाने मत टाकून गेल्या. त्या वेळी अप्पा भाकरी खायला उठले होते. म्हणजे गयाबाई सोडून टाकळीतली प्रत्येक बाई आली, प्रत्येकीने एकच मत टाकलं, कुणी कुणाला फसवलं नाही, आणि एकीनेही स्वतःच्या नावाने टाकलं नाही.

गयाबाई आली तेव्हा उन्हं कलली होती. कामावरून थेट आली होती, पायाला मुरमाची धूळ. कार्ड ओच्यातून काढून तिने दोन्ही हातांनी पुढे केलं. कारकुनाने वाचलं, "महानंदाबाई मन्मथअप्पा..."

अप्पांची मान दिवसभरात पहिल्यांदा वर आली. समोर पदरातली बाई बघून ते उभेच राहिले. "ही आमची न्हाई!"

खोलीत हशा पिकला. हेडमास्तर म्हणाले, "अप्पा, बसा. बाई, जरा पदर बाजूला घ्या." कार्डावरचा फोटो आणि चेहरा ताडून पाहिला. "फोटो तर यांचाच आहे."

"फोटू असंल. बायको माझी हाय, मला ठावं न्हाई व्हय?"

"मग बाई, तुम्ही कोण?"

"मी गयाबाई. पांदीकडची."

कारकुनाने यादी उलटली आणि बोट ठेवलं. "गयाबाईंचं मत सकाळीच झालंय, सर."

गयाबाई तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. मग हळूहळू मान वळवून तिने अप्पांकडे पाहिलं. "ह्या बारीलाबी, अप्पा?"

अप्पांचा चेहरा पांढरा पडला. ते झटकन बोलून गेले, "महादेवाची आण घेतो गया, ह्या बारीला मी न्हाई!"

आता मात्र कुणी हसलं नाही. हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ह्या बारीला नाही. बरं. मग मागच्या?" अप्पा यादीत डोकं खुपसून काहीतरी शोधू लागले. मग पुटपुटले, "सांजच्याला बाई येते का न्हाई काय भरवसा? मत वाया जाऊ नाई म्हणून... घरचंच कुणीतरी धाडायचं." किराण्याच्या माणसाला वाया जाणं सोसत नाही, हे मला माहीत होतं. पण दुसऱ्याच्या घरातलं वाया जाऊ नये म्हणून स्वतःच्या ताटात वाढून घेणारा हा पहिलाच.

हेडमास्तर माझ्याकडे वळले. "अहो शूटिंगवाले, ही कार्डं कुणी केली काही कल्पना?"

आणि मी म्हणालो, "नाही सर. लय स्टुडिओ होते."

गयाबाई माझ्याकडेच बघत होती. तिने मला ओळखलं होतं. तिच्या डोळ्यांसमोर मी कॅमेऱ्याच्या मागे गेलो. मला तेव्हा दिसत होतं ते बिल अडकणं, तहसीलदाराचं बोलणं, सगळ्या गावाचं मतदान वादात जाणं. हे सगळं खरं होतं. पण मी खोटं बोललो तेही खरंच आहे. सदतीस वर्षांत माझ्या हातून बरेच फोटो हलले, त्याचं काही वाटत नाही. या दोन वाक्यांची मात्र अजून लाज वाटते.

हेडमास्तरांनी पोथी उघडली. नियम असा, की एखाद्याच्या नावावर आधीच मत पडलेलं असेल आणि खरा माणूस नंतर आला, तर त्याची ओळख पटवून त्याला वेगळी मतपत्रिका द्यायची. ती पेटीत जात नाही, वेगळ्या पाकिटात बंद करून ठेवतात. ओळख पटवायला माणूस हवा. बाकावरचे बाकीचे एजंट परगावचे, खोलीत गावचे फक्त अप्पा. म्हणजे ज्याने तीनदा तिचं नाव दुसरीला दिलं, त्यालाच आता ही गयाबाई आहे म्हणून सांगावं लागलं. अप्पांनी सांगितलं आणि सही केली.

गयाबाईने शिक्का मारला. हेडमास्तरांनी घडी पाकिटात घातली आणि लाख लावायला घेतली. तिने विचारलं, "साहेब, हे पाकीट कवा उघडत्याल?"

"कोर्टाने सांगितलं तर."

"आन् न्हाई सांगितलं तर?"

हेडमास्तरांनी वितळलेली लाख पाकिटावर दाबली.

"म्हंजे माझं मत जेलात गेलं म्हणा की," ती म्हणाली आणि बोटावरच्या ओल्या शाईला फुंकर घालत बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत मी निगेटिव्हच्या पट्ट्या उजेडावर धरल्या. छापलेल्या फोटोतून पाटी मी छाटली होती, निगेटिव्हमध्ये ती शाबूत होती. पहिल्याच चौकटीत कौसाबाई, आणि तिच्या छातीशी पाटीवर एक. शेवटच्या चौकटीत गयाबाई, धापेने तोंड किंचित उघडं, आणि हातात महानंदाबाईंचा नंबर. मी त्या पट्ट्या खिशात घातल्या आणि तहसील गाठली. काय बोलणी खाल्ली ते लिहीत नाही, हा अंक घरातली लहान मुलंही वाचतात. टाकळीच्या बायकांची कार्डं पुन्हा करून द्यायची, आणि तीही पदरमोड करून, एवढं ठरलं.

तिथून गयाबाईच्या घरी गेलो. ती भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "माझं तोंड काढलंत दादा, बरं केलंत. त्या दिशी तुमचं कुठं ठिवलं हुतं?"

तिने एक भाकरी ठेच्यासकट पुढे केली. मी खाली मान घालून खाल्ली.

पुन्हा फोटो काढायला गेलो तेव्हाही पाऊस नव्हताच. या वेळी मी एक अट घातली. प्रत्येक बाईने पदर मागे घेऊन, मोठ्याने स्वतःचं नाव सांगायचं, आणि पिराजीने मान वर करून ते यादीत बघायचं. पिराजी लाजून घामाघूम झाला. गयाबाई स्टुलावर बसली, गुरुजींची शाल तिने हाताने बाजूला सारली. "लुगडं फाटकं असंल, पर माझं हाय." आणि मी डोळा कॅमेऱ्याला लावतो तोच हॉर्न. टँकर, दुसरं कोण? मी हात वर केला, म्हटलं सगळे थांबा, पाटी पुसा. गयाबाई जागची हलली नाही. पण तिचा हात पाटीवरून सुटून गुडघ्यावर आला आणि नजर विहिरीकडे गेली. तेवढ्यात ओळीच्या शेवटून महानंदाबाई उठल्या. दुकानदारणीने कधी विहिरीवर पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांनी गयाबाईची घागर उचलली, कौसाबाईची दुसऱ्या हातात घेतली. "बस तू. आज मी भरते." अप्पा दुकानाच्या पायरीवरून बघत होते. थोड्या वेळाने तेही उठून दोर ओढायला गेले.

पुढचं इलेक्शन आलं तेव्हा मी तहसीलला स्वतः जाऊन टाकळीचं बूथ मागून घेतलं. तीच खोली, तोच बाक, तेच अप्पा. केंद्राध्यक्ष नवे होते. गयाबाईने त्या दिवशी कामावर खाडा केला होता. दार उघडलं तेव्हा ती ओळीत पहिली. डोक्यावर पदर, पण कपाळापर्यंतच. कारकुनाने कार्ड घेतलं आणि सावकाश वाचलं, "गयाबाई किसन..." पूर्ण नाव वाचलं.

अप्पांनी मान वर केली. तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि खोलीत ऐकू जाईल असं म्हणाले, "हाव. गयाबाईच हाय."

तिने बोट शाईसाठी पुढे केलं आणि अप्पांकडे बघून हसली. "पटली का वळख, अप्पा? येवढी वर्सं माझं मत टाकीत हुते, तवा कामून लागली न्हाई?"

अप्पा फेट्यापर्यंत लाल झाले. गयाबाई मत टाकून आली, दाराशी थांबली, माझ्या कॅमेऱ्याकडे वळली आणि शाईचं बोट अगदी भिंगासमोर आणून धरलं. "काढा दादा. आज नंबर बघायची गरज न्हाई."

शूटिंगच्या कॅसेटी त्याच दिवशी तहसीलला जमा कराव्या लागतात, त्यामुळे ते चित्र माझ्याकडे नाही. असतं तरी दाखवता आलं नसतं. बोट भिंगाच्या इतकं जवळ होतं की सगळं धूसर आलं असणार.